शंभर रुपयांची कपात

सकाळी साडेसातला खासदार सिंधुबाई मौले यांच्या दिल्लीतल्या क्वार्टरची बेल कोणीतरी अशी वाजवली, की आत चहा गाळणाऱ्या सिंधुबाईंना वाटलं, गावाकडं कोणीतरी गेलं. दार उघडलं तर समोर वाल्मीकराव, पक्षाचे प्रतोद. प्रतोद म्हणजे पक्षाचा गुराखी. कुठला खासदार कुठं चरतोय, कोणाला कधी आत घ्यायचं, कोणाची मान कधी हलली पाहिजे, हे बघणारा माणूस. नगरकडचे वाल्मीकराव पाचव्यांदा निवडून आलेले होते. एरवी माणसं त्यांच्या दारात जात. आज ते स्वतः आले होते, तेही घरातल्याच चपलांवर, आणि हातात एक छापील गठ्ठा होता.

"सिंधूताई, हे काय आहे?"

सिंधुबाईंनी पदरानं चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. रेल्वेच्या अनुदानाच्या मागण्या त्या दिवशी लोकसभेत चर्चेला आणि मताला यायच्या होत्या, आणि त्यावर खासदारांनी दिलेल्या कपात सूचनांची ती यादी होती. दोनशे चौदाव्या क्रमांकापुढं त्यांचं नाव होतं. 'नाशिकरोडहून सुटणाऱ्या पहाटेच्या पॅसेंजरला भाजी-फुलं विकणाऱ्यांसाठी बिनबाकड्यांचा डबा जोडण्याची गरज. सबब मागणी शंभर रुपयांनी कमी करावी.' आपलं नाव छापलेलं बघून बाईंना आधी बरंच वाटलं.

"माझीच हाय," त्या म्हणाल्या. "चहा घेता का?"

"ताई, आपण सरकार आहोत!" वाल्मीकराव दारातच ओरडले. "कपात सूचना विरोधक देतात. ती मंजूर झाली ना, शंभर रुपयांची का होईना, तर सरकारवर सभागृहाचा विश्वास नाही असा अर्थ होतो. सरकारला राजीनामा द्यावा लागतो. आपल्या बाकावर बसून आपल्याच मंत्र्याचे पैसे कापायचे, असं मी पंचवीस वर्षांत पाहिलं नाही. कोणी सांगितलं हे तुम्हाला?"

कोणी सांगितलं नव्हतं, हीच तर गोम होती. सिंधुबाईंचे सचिव गोरक्ष मास्तर, चांदवडच्या शाळेतून निवृत्त झालेले गृहस्थ, नियमांचं पुस्तक रोज धड्यासारखं मोठ्यानं वाचत. आठवड्यापूर्वी त्यांनी वाचलं, की एखाद्या विशिष्ट गाऱ्हाण्याकडं लक्ष वेधायचं असेल तर सदस्य शंभर रुपयांची कपात सुचवू शकतो. सिंधुबाईंनी ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. बाजारात आयुष्य गेलेल्या बाईला कापणं म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. वरचा मोगरा ताजा आणि पाटीच्या तळाला दबलेला निघाला की व्यापारी शंभराला पाच कापतो, मग मालवाला धावत येतो, काय चुकलं म्हणून विचारतो. मागणाऱ्याकडं कोणी बघत नाही, कापणाऱ्याकडं सगळे बघतात. नाक दाबलं की तोंड उघडतं. या लोकांनी एवढ्या मोठ्या घरात इतकी सरळ सोय करून ठेवली आहे, याचं बाईंना कौतुक वाटलं आणि त्यांनी लगेच सही ठोकली. ती सोय फक्त पलीकडच्या बाकांनी वापरायची असते, असं पुस्तकात कुठं लिहिलेलं नव्हतं.

वाल्मीकरावांनी चहा घेतला नाही. "दुपारी सेंट्रल हॉलमध्ये भेटा," एवढं म्हणून ते गेले. सिंधुबाईंनी त्यांच्या वाटचा चहा गोरक्ष मास्तरांना दिला. मास्तरांनी कप तसाच खाली ठेवला.

"बाई, माझ्या हातनं मोठी चूक झाली. मी सूचना मागं घेतो म्हणून लिहून आणू का?"

"चूक असंल तर आपल्या दोघांची हाय," सिंधुबाई म्हणाल्या. "पण मास्तर, त्यात लिवलंय ते खोटं हाय का?"

मास्तरांनी मान हलवली. खोटं काहीच नव्हतं.

पहाटे साडेचारच्या त्या गाडीनं मखमलाबाद, म्हसरूळ, आडगावच्या दीड-दोनशे बाया रोज मुंबईला जात. कुणाकडं मेथी-कोथिंबीर, कुणाकडं झेंडू, कुणाकडं मोगरा. पाटी बाकाखाली जात नाही, वर फळीवर ठेवली तर खालच्याच्या डोक्यात पाणी गळतं, वाटेत ठेवली तर येणारा-जाणारा लाथ मारतो. म्हणून पाट्या दाराशी रचायच्या आणि त्यांना धरून दारातच बसायचं. सिंधुबाई स्वतः सतरा वर्षं तशा बसल्या होत्या, आणि शेजारी त्यांची थोरली जाऊ गोजराबाई. चार वर्षांपूर्वी घाटातल्या एका वळणावर गोजराबाईची पाटी कलली. ती धरायला बाई वाकली आणि पाटी राहिली, बाई दाराबाहेर गेली. जीव वाचला, उजवा पाय घोट्यापासून गेला. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तिनं पहिल्यांदा विचारलं ते हेच, की मोगरा मुंबईला पोचला का. आता ती नाशकात गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, पुलाशी बसून गजरे विकते आणि गिऱ्हाइकानं घासाघीस केली तर काठी आपटते.

डब्यासाठी नऊ अर्ज झाले, नऊ पोचा मिळाल्या. गोजराबाईनं त्या पोचा पत्र्याच्या डब्यात ठेवल्या होत्या. मग एका निवडणुकीत पक्षाला नाशिकमधून एका बाईचा फोटो हवा होता, डोक्यावर पाटी असलेला. फोटो मिळाला, पण त्याच्याबरोबर बाईही आली, हे पक्षाच्या जरा उशिरा लक्षात आलं. सिंधुबाईंनी प्रचारात रस्ते, पाणी, वीज असलं काही कबूल केलं नाही. "एक डबा जोडून आणीन, नाय आणला तर पुन्हा तोंड दाखवणार नाय," एवढंच त्या म्हणाल्या, आणि निवडून आल्या. त्या गोष्टीला आता दीड वर्ष झालं होतं. मंत्र्यांना त्या सहा वेळा भेटल्या होत्या. सहाही वेळा मंत्र्यांनी नमस्कार फार छान केला होता.

दुपारी सेंट्रल हॉलमध्ये वाल्मीकरावांचा आवाज उतरला होता. त्यांनी बाईंसाठी टोस्ट मागवला आणि खुर्ची स्वतः पुढं ओढली. हे बघूनच सिंधुबाई सावध झाल्या. अडत्या खुर्ची देतो तेव्हा भाव पडलेला असतो.

"ताई, घाबरायचं काही नाही," वाल्मीकराव म्हणाले. "छापलं म्हणजे मांडलं असं नसतं. दोन वाजता अध्यक्ष सांगतील, ज्यांना आपल्या सूचना मांडायच्या आहेत त्यांनी पंधरा मिनिटांत चिठ्ठीवर क्रमांक लिहून टेबलाकडं पाठवावा. ज्याची चिठ्ठी जात नाही त्याची सूचना आपोआप संपते. तुम्ही फक्त चिठ्ठी पाठवू नका. काही करायचंच नाही. सगळ्यात सोपं काम आहे."

"आणि मंग डबा?"

"डब्याचं मी बघतो. शब्द देतो. वर तुम्हाला रेल्वेच्या समितीवर घेऊ. आत बसून दहा डबे मागा."

"तारीख सांगा."

"ताई, असल्या गोष्टींना तारीख नसते."

"पाडव्याला तारीख असते, गाडीच्या टायमाला असते, मतदानाला असते," सिंधुबाई म्हणाल्या. "ह्या एका डब्यालाच कशी नसते हो?"

वाल्मीकरावांनी टोस्टची बशी बाईंकडं सरकवली. ते उठल्यावर पाचच मिनिटांत विरोधी पक्षाचे एक गोरेगोमटे पुढारी येऊन बसले. मराठी बऱ्यापैकी बोलत होते. ताई, तुमच्या धैर्याला सलाम, तुमच्या सूचनेवर आम्ही सगळे तुमच्या मागं उभे राहू, सरकार हादरवून टाकू, असं ते म्हणाले. सिंधुबाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"दादा, सरकार तुमचं होतं तेव्हा चार अर्ज तुमाला दिले होते," त्या म्हणाल्या. "मला सरकार पाडायचं नाय. डबा जोडायचाय."

दोन वाजता घंटी झाली. अध्यक्ष आसनावर बसले, वयस्कर, मऊ आवाजाचे, आणि सगळ्या बाकांवरची माणसं त्यांना मान देत. त्यांनी मागण्या चर्चेला घेतल्या आणि वाल्मीकराव म्हणाले होते तेच शब्द उच्चारले. पंधरा मिनिटं. सिंधुबाईंच्या शेजारच्या बाकावर नेमके वाल्मीकराव येऊन बसले होते, ती त्यांची जागा नव्हती. बाईंपुढचा चिठ्ठ्यांचा पॅड त्यांनी सहज उचलला आणि त्यावर काहीतरी गिरवत राहिले.

घड्याळ पुढं सरकत होतं. पलीकडच्या बाकांवरून चिठ्ठ्या भराभर जात होत्या. सिंधुबाईंचा निश्चय डळमळला, खोटं कशाला बोला. वाल्मीकराव वाईट माणूस नव्हता. त्यानं दिलेल्या सल्ल्यावर दहा खासदारांचं भलं झालेलं होतं. गप्प बसलं तर समिती मिळेल, पुढच्या खेपेला तिकीट मिळेल, गोरक्ष मास्तरांचा पगार चालू राहील. आणि गप्प बसल्याचं कोणाला कळणारही नव्हतं. गोजराबाईला सांगता आलं असतं, की सूचना छापून आली, पुढं बघू. छापलेला कागद दाखवता आला असता. पत्र्याच्या डब्यात दहावा कागद मावला असता.

त्या दहाव्या कागदाच्या विचारानं बाईंचं डोकं सणकलं. त्यांनी पिशवीतून गोरक्ष मास्तरांचं नियमांचं पुस्तक काढलं, शेवटचं कोरं पान टर्रकन फाडलं, त्यावर मराठी आकड्यांत २१४ लिहिलं, खाली सही केली आणि हात वर करून शिपायाला बोलावलं. शिपायानं कागद घेतला तेव्हा वाल्मीकरावांचं पेन थांबलं.

"हात दाखवून अवलक्षण केलंत ताई," ते हळू म्हणाले.

"अवलक्षण तर अवलक्षण," सिंधुबाई म्हणाल्या. "आता बसा नीट, तुमाला घाम आलाय."

टेबलावरच्या अधिकाऱ्यानं तो फाटका कागद उलटसुलट करून पाहिला आणि यादीवर खूण केली. पाच मिनिटांत बातमी सगळ्या सभागृहात फिरली. विरोधी बाकं बडवली गेली. मंत्र्यांनी मागं वळून पाहिलं, यावेळी नमस्काराशिवाय. चर्चा सुरू झाली. कुणाला नवी गाडी हवी होती, कुणाला थांबा, कुणाला पूल. पक्षानं बोलणाऱ्यांच्या यादीतून सिंधुबाईंचं नाव दुपारीच कापलं होतं. म्हणजे कापायचं कसं हे त्यांनाही चांगलं ठाऊक होतं. पण ज्यानं सूचना मांडली त्याला दोन शब्द बोलू देणं भाग असतं. पाचच्या सुमारास अध्यक्षांनी पुकारा केला, "श्रीमती मौले, दोन मिनिटं."

मराठीत बोलणार असं सकाळीच कळवलेलं होतं, त्यामुळं दुभाषा काचेमागं तयार होता. सिंधुबाई उठल्या. लिहून आणलेलं भाषण त्यांनी बाकावरच ठेवलं.

"अध्यक्ष महाराज, माझ्या जावेला एक पाय नाय. तो मागायला मी आले नाय, तो कोणी देऊ शकत नाय. मी डबा मागतेय. मंत्रीसाहेब मला म्हणाले होते, की गाडी लांब होईल, फलाटाबाहेर जाईल. मी फलाट पावलांनी मोजलाय. शेवटच्या डब्याच्या मागं एकशे चाळीस पावलं मोकळी राहतात, तिथं कुत्री झोपतात. नवा डबा नको. मोडीत काढायचा जुना द्या. त्यातली बाकडी तेवढी काढा. तुमच्याकडं माणूस नसंल तर माझा नवरा चिमाजी येईल पाना घेऊन, त्याला मला नाय म्हणायची सवय नाय."

काचेमागच्या दुभाष्याचं भाषांतर जरा मागून पोचलं आणि सभागृहात हशा उठला. मंत्रीही हसले.

"हसा," सिंधुबाई म्हणाल्या. "पण उद्या सकाळी मुंबईत ज्याच्या देवावर मोगरा चढंल, तो कोणीतरी बाई दारात लोंबकळून आणलेला असंल. तिचं तिकीट काढलेलं असतं. फुकट नाय येत ती. सतरा वर्षं मी तिकीट काढून दारात बसले. मला ह्या सरकारचे शंभर रुपये कापायचे हायेत, कारण माझी सतरा वर्षं कोणी मोजली नाय. संपलं माझं."

दोन मिनिटं पुरी झाली नव्हती. त्या खाली बसल्या तेव्हा काही बाकं वाजली, आणि त्यातली दोन-तीन त्यांच्याच बाजूची होती.

मंत्र्यांचं उत्तर पाऊण तास चाललं. पूल आले, बोगदे आले, लाखो टनांचे आकडे आले. शेवटी ते नाशिकच्या भगिनींच्या भावनेपर्यंत पोचले. त्या भावनेचा आपण आदर करतो, तिच्यावर सहानुभूतीनं विचार होईल, तरी भगिनींनी सूचना मागं घ्यावी.

सिंधुबाई उभ्या राहिल्या. "कोणत्या तारखेपासून?"

"योग्य वेळी," मंत्री म्हणाले.

"योग्य वेळ कोणत्या महिन्यात येते?"

पुन्हा हशा झाला. अध्यक्षांनी विचारलं, माननीय सदस्या सूचना मागं घेतात काय. सिंधुबाईंनी मंत्र्यांकडं पाहिलं. मंत्री आपल्या मागच्या अधिकाऱ्याशी बोलत होते, डब्याबद्दल नसावं, कारण दोघं हसत होते.

"नाय घेत," सिंधुबाई म्हणाल्या.

मंत्र्यांच्या उत्तरानं आपलं समाधान झालं नाही असं जाहीर करून विरोधी पक्ष ओळीनं बाहेर निघून गेला. दुपारी मागं उभं राहतो म्हणालेले गोरेगोमटे पुढारी सगळ्यात पुढं होते. सरकार पडण्याची भीती त्या दारातून बाहेर गेली आणि वाल्मीकरावांच्या चेहऱ्यावर रंग आला. ते पुन्हा बाईंच्या शेजारी सरकले.

"ताई, आता ऐका. तुमचंही राहील, आमचंही राहील. आवाजी मतदान होईल. अध्यक्ष विचारतील, बाजूनं कोण. तुम्ही बसल्या जागी 'हो' म्हणा. मी ऐकलं नाही असं समजेन. दीडशे माणसं 'ना' म्हणून ओरडतील, त्यात कोण काय बोललं हे कुठं लिहिलं जात नाही. तुमच्या मनाचं समाधान, आणि विरुद्ध मत द्या हा पक्षादेशही मोडला नाही. गावी जाऊन खुशाल सांगा, मी 'हो' म्हणाले."

हे अगदी शहाणपणाचं होतं. दुसरी कोणी असती तर तिनं देवाचे आभार मानले असते. पण वाल्मीकराव नगरचे, त्यांना सिंधुबाईंचा बाजारातला इतिहास माहीत नव्हता.

दहा वर्षांपूर्वीपर्यंत सिंधुबाई ज्या बाजारात माल नेत, तिथं लिलाव हत्ता पद्धतीनं चाले. अडत्या आणि व्यापारी समोरासमोर बसत, हातांवर उपरणं टाकत आणि त्याखाली बोटं दाबून भाव ठरवत. कोणी किती बोटं दाबली हे त्या दोघांनाच ठाऊक. माल ज्याचा, तो बाजूला उकिडवा बसून उपरण्याच्या हालचाली बघत राही. मग अडत्या भाव सांगे, आणि तो घेऊन घरी जायचं. भांडायची सोय नव्हती, कारण बोललं तर कोणी काही नव्हतंच. एका सकाळी सिंधुबाईंनी पुढं होऊन ते उपरणं ओढून काढलं. दोघांचे हात उघडे पडले, एकमेकांत गुंतलेले. "आता बोला," त्या म्हणाल्या, "सगळ्यांदेखत, तोंडानं बोला." तीन दिवस बाजार बंद राहिला, बाईंच्या दोन पाट्या मोगरा उकिरड्यावर गेला, नवऱ्यानं अबोला धरला. चौथ्या दिवशी लिलाव ओरडून झाला, आणि मग तसाच होत राहिला.

"वाल्मीकराव," त्या म्हणाल्या, "उपरण्याखालचा भाव मी घेत नाय."

वाल्मीकरावांना काही उमगलं नाही. तोवर अध्यक्षांनी मतदान पुकारलं होतं. निघून गेलेल्यांच्या सगळ्या सूचना एकदम नामंजूर झाल्या, कोणी हू की चू केलं नाही. सिंधुबाई उठल्या आणि आपली सूचना वेगळी मताला टाकावी म्हणाल्या. अध्यक्षांनी ते मान्य केलं.

"कपात सूचना दोनशे चौदा. जे बाजूनं असतील त्यांनी 'हो' म्हणावं."

"हो," सिंधुबाई म्हणाल्या. रिकाम्या अर्ध्या सभागृहात तो शब्द चांगला लांबवर गेला.

"जे विरुद्ध असतील त्यांनी 'ना' म्हणावं."

सगळ्या सत्ताधारी बाकांनी मिळून 'ना' म्हटलं.

"मला वाटतं 'ना' म्हणणाऱ्यांचं बहुमत आहे."

"अध्यक्ष महाराज, मतविभाजन पाहिजे," सिंधुबाई म्हणाल्या.

वाल्मीकरावांनी कपाळाला हात लावला. अध्यक्षांनी चष्म्यावरून बाईंकडं पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. विभाजनाची गरज दिसत नाही, ते म्हणाले, पण नियमाप्रमाणं मी सदस्यांना आपापल्या जागी उभं राहायला सांगून मोजणी करू शकतो. त्यात नावं नोंदवली जात नाहीत, आकडा सांगितला जातो. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "माननीय सदस्यांना आपल्या पक्षाच्या आदेशाची कल्पना आहे ना? आणि सर्वांदेखत तो मोडला तर आपलं सदस्यत्व जाऊ शकतं, याचीही?"

"दोन्हीची हाय."

"तर मग जे सूचनेच्या बाजूनं आहेत, त्यांनी उभं राहावं."

सिंधुबाई उभ्याच होत्या. त्या फक्त बसल्या नाहीत. त्यांनी बाकाची कड धरली. आजूबाजूला एकही माणूस उठला नाही. मघाशी बाक वाजवणारे तिघं खाली कागदात बघत होते. बाईंना त्यांचा राग आला, आणि लगेच त्यांची कीवही आली. प्रत्येकाच्या मतदारसंघात कुठलातरी डबा जोडायचा राहिला असणार, आणि ते सगळे योग्य वेळेची वाट बघत बसले होते. एक अधिकारी नियम म्हणून सभागृहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवून गेला, जसं काही मोजायला पुष्कळ होतं. सिंधुबाईंना भीती वाटत होती, आणि तरीही इतकं मोकळं त्यांना दिल्लीत पाऊल टाकल्यापासून एकदाही वाटलं नव्हतं.

"बाजूनं, एक," अध्यक्ष म्हणाले. "जे विरुद्ध आहेत, त्यांनी उभं राहावं."

खुर्च्यांचा आवाज झाला. सगळे उठले, म्हणून सिंधुबाई बसल्या. विरुद्ध एकशे सत्त्याऐंशी. सूचना नामंजूर झाली.

बाहेर वऱ्हांड्यात वाल्मीकरावांनी त्यांना गाठलं. त्यांचा राग आता ओसरला होता आणि माणूस खरोखर दुःखी दिसत होता. "पंधरा दिवस आहेत ताई. तेवढ्यात पक्षानं माफ केलं तर जागा वाचते. दोन ओळी लिहून द्या, मी वर रदबदली करतो."

"काय लिहू?"

"की तुम्ही नव्या आहात. चुकून झालं."

सिंधुबाईंनी विचार केला. "सूचना दिली ती चुकून, हे लिहून देते, ते खरं हाय," त्या म्हणाल्या. "उभी राहिले ते चुकून नव्हतं. ते नाय लिहिणार."

"मग त्याचा काही उपयोग नाही."

"नसू द्या."

क्वार्टरवर पोचल्या तर गोरक्ष मास्तर फोनपाशी बसलेले. नाशिकहून तीनदा फोन येऊन गेला होता. गंगेवर पुलाशी एक एसटीडीचं दुकान होतं, गोजराबाई चार-पाच बायांना घेऊन तिथं ठाण मांडून बसली होती. सिंधुबाईंनी पदर नीट केला, फोनवर दिसत नाही हे ठाऊक असून, आणि नंबर फिरवला. पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"सिंधे, काय झालं गं? जोडला का डबा?"

"नाय, जाऊबाई. पडली सूचना."

सिंधुबाईंनी सगळं सांगून टाकलं. तारीख मागितली, मिळाली नाही. मागं घे म्हणाले, घेतली नाही. आता खासदारकी जाईल बहुतेक, पंधरा दिवसांत कळेल. तोंड दाखवणार नाही म्हणाले होते, पण तोंड लपवायला दुसरी जागा नाही, तेव्हा शनिवारी घरीच येतेय. बोलता बोलता बाईंचा आवाज चिरकला. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांना रडू येत होतं, आणि तेही जावेपुढं, याची त्यांना लाज वाटली.

"खासदारकी गेली तर जाऊ दे," गोजराबाई म्हणाली. "पाट्या हायेत की घरी. मला हे सांग, इरुद्ध किती होते?"

"एकशे सत्त्याऐंशी."

"आन् आपल्या बाजूनं?"

सिंधुबाईंनी पदर पुन्हा नीट केला.

"एक," त्या म्हणाल्या.

गोजराबाईनं फोन तोंडापासून बाजूला केला असावा. "एक म्हणते," असं ती मागच्या बायांना सांगताना ऐकू आलं. मग काठी फरशीवर आपटल्याचा आवाज झाला आणि गोजराबाई पुन्हा फोनवर आली.

"आगं मंग रडती कशाला? आपण तिथं मतं धाडली किती होती? एकच ना? सगळीच्या सगळी पडली की!"